उपरण्याखालचा शेकडा

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कंपनीत गाड्यांचे करार नवे होतात. कंपनी म्हणजे शिरोलीतलं अमरसिंह शेठांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. फौंड्रीतलं कास्टिंग पुण्याला, होसूरला पोचवायचं काम त्यांच्याकडं बारमाही असतं. स्वतःच्या गाड्या दोनच. बाकीच्या तेरा गाड्या आमच्यासारख्या बाराजणांच्या, त्यांच्याकडं लावलेल्या. गाडी आमची, काम त्यांचं आणि भाड्यात शेकड्यानं वाटणी. माझ्या गाडीला शंभरातले पंचाहत्तर मिळायचे. डिझेल, टोल, टायर, ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता, सगळं त्या पंचाहत्तरातून.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, वारल्यावर तीन वर्षं मी गाडी चालू ठेवली. शेवटच्या वर्षात मात्र हातात काही उरेना. हातकणंगल्याचा एकजण येऊन गाडीभोवती फिरला, टायरला दोन लाथा मारल्या आणि भाव सांगून गेला. मी त्याला म्हटलं, पाडवा होऊ दे. शेकडा वाढला तर गाडी ठेवायची, नाहीतर त्याला द्यायची, असं मी ठरवलं होतं.

शेकडा ठरवायची शेठांची एक रीत होती. त्यांचे वडील बैलबाजारातले दलाल. तिथं हातावर उपरणं टाकून आतल्या आत बोटं दाबत भाव ठरतो. शेठ गाडीवाल्यांचा शेकडा तसाच ठरवायचे. आधी दहाची बोटं, मग सुट्याची. वर दोघांचे चेहरे देवासारखे. करारपत्रात आकडा नसायचाच, नुसतं ‘ठरल्याप्रमाणे’. बोटं सोडताना शेठ कानाशी लागून म्हणायचे, "तुला म्हणून दिलाय, भाईर बोलू नको." मग तो माणूस छाती काढून बाहेर यायचा. आकाराम तर वर्षभर सांगत फिरायचा, "आपला भाव हितं कुणाला न्हाय." किती, ते मात्र त्यानं कधी सांगितलं नाही.

माझ्या वतीनं उपरण्याखाली हात घालायला माझे दीर जायचे. या पाडव्याला मी त्यांना म्हटलं, "तात्या, तुम्ही फराळ करा. मी जाऊन येते."

ऑफिसात सगळे जमले होते. पेढे वाटून झाले होते. मला बघून शेठ म्हणाले, "या की काकू. तात्या न्हाईत आलं?"

"न्हाय. गाडी माझी हाय, मीच आले."

शेठांनी सवयीनं उपरणं उचललं, माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा हात हवेतच राहिला. सणासुदीला, चारचौघांत, परक्या बाईचा हात उपरण्याखाली धरायचा कसा?

दोन गाड्यांचा मालक गुंडू फिसकन हसला. "घाला की शेठ हात!"

"गप ए गुंड्या. काकू, आत केबिनमध्ये या, सांगतो."

"केबिनात काय आणि सांगायचं? हितंच तोंडानं सांगा."

"तसं चालत न्हाय. घराण्याची रीत हाय."

"रीत बैलांची हाय, शेठ. माझ्या गाडीला शिंगं न्हाईत."

सगळे हसले. शेठांनी कपाळ पुसलं. "बरं, मागल्यासारखंच धरू. झालं?"

"मागल्यासारखं म्हंजे पंचाहत्तर. त्यात गाडी चालत न्हाय. ब्याऐंशी पायजेत."

हसणं एकदम थांबलं. त्या खोलीत शेकड्याचा आकडा पहिल्यांदाच कुणीतरी तोंडानं बोललं होतं. जो तो आपल्या चपलांकडं बघू लागला. मला वाटलं, या सगळ्यांना जास्त मिळतंय आणि त्यांना माझी कीव येतीय. शेठांनाही बहुतेक मला तसंच वाटायला हवं होतं.

"परवडत न्हाय तर गाडी काढा काकू," ते म्हणाले. "हितं रांग लागलीय."

मी पिशवी उचलली आणि दाराकडं वळले. आता हातकणंगल्याला फोन करायचा, एवढंच डोक्यात होतं.

"थांबा काकू." आकाराम बोलला, मान वर न करता. "पंचाहत्तर म्हणालासा न्हवं?"

"व्हय."

"मला त्र्याहत्तर हाय."

"आरं, तू तर सांगत फिरत हुतास..." गुंडू म्हणाला.

"सांगत हुतो. आता न्हाय सांगत."

एवढा ताठ माणूस, पण कान लालबुंद झाले होते. गुंडूचं हसू गेलं. "मला बाहत्तर," तो म्हणाला. "दोन्ही गाड्यांस्नी." मग कुणी चौऱ्याहत्तर म्हणालं, कुणी एकाहत्तर. ज्याला शहात्तर होते त्यानं तो आकडा असा सांगितला, जणू चोरीच कबूल करत होता.

"हे बघा, परत्येकाचा रूट येगळा असतोय..." शेठ म्हणाले.

"टोल एकच हाय की!" मागून आवाज आला.

आकारामनं आता मान वर केली. "शेठ, सोमवारी फौंड्रीतनं पंधरा गाड्या माल उचलायचा हाय. तुमच्या दोन गाड्यांत बसतोय का बघा. तवर आमी हितंच हाय. च्या सांगा."

शेठ फोन घेऊन बाहेर गेले. चहा आला, संपला. ते परत आले आणि म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर."

कुणीच उठलं नाही.

"ऐंशी. त्याच्या वर न्हाय."

"काकू बोलल्या त्यो भाव," आकाराम म्हणाला. "समद्यास्नी एकच."

शेठ पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाय," मी म्हटलं.

"ब्याऐंशी!"

"आता कागदावर लिवा."

माझ्या करारातलं ‘ठरल्याप्रमाणे’ खोडून त्यांनी ब्याऐंशी लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात. मी दोनदा वाचून सही केली. मग गुंडू पुढं झाला. "माझं बी तोंडानं सांगा शेठ." कागद समोर होता तरी प्रत्येकाला ऐकायचंच होतं. शेठांना बारा वेळा ब्याऐंशी म्हणावं लागलं. पहिल्यांदा घशात अडकत होतं, बाराव्याला अगदी खणखणीत आलं. तिथूनच मी हातकणंगल्याला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

सोमवारी माल भरून गाड्या निघाल्या. आम्ही काहीजण सांगली फाट्यावर चहाला थांबलो. दुसऱ्या कंपनीचा एक गाडीवाला बाकड्यावरून सरकत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, तुमच्यात शेकडा किती बसतोय वो?"

आकारामनं सवयीनं इकडंतिकडं बघितलं.

"ब्याऐंशी," मी म्हटलं, टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि पावणं, तुमचा किती? मोठ्यानं सांगा."