तपकिरी फिंचचे गाणे

माझ्या यजमानांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिले, पहाडी रानांतल्या पक्ष्यांचे. चित्रे माझी होती. बेचाळीस वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते आहे आणि ती सिद्ध करण्याचे काम माझ्या नातीकडे आले, हे मला रास्तच वाटले. ती स्वतः पक्ष्यांच्या पायांत आकड्यांची कडी अडकवून त्यांच्या नोंदी ठेवते. गेला आठवडाभर ती जेवणाच्या टेबलावर मुद्रिते पसरून बसते आणि मी समोर बसून तिचे स्वल्पविराम तपासते.

परवा तांबड्या फिंच पक्ष्याचे पान आले आणि माझे मन रानातल्या त्या दोन खोल्यांच्या चौकीत जाऊन बसले. ह्यांची वनखात्याची नोकरी. तिथे आम्ही तीन उन्हाळे काढले. उजाडता उजाडता हे स्टोव्हवर चहा टाकत आणि मला हाक न मारता कपावर चमचा दोनदा वाजवत. मग दिवसभर माना वर करून भटकायचे. नर फिंच ओळखायला कष्ट नव्हते: डोक्यापासून पोटापर्यंत डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, डोळ्यावरून गेलेली काळपट पट्टी, आणि बी फोडायला घडवलेली आखूड, जाड चोच. मादीने मात्र आम्हांला दमवले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका उंच झाडाच्या अगदी शेंड्यावर तशाच चोचीचा, पण तपकिरी, छातीवर रेघारेघांचा पक्षी दिसला. तो जीव ओतून गात होता.

हे म्हणाले, “मादी अशी शेंड्यावर बसून गात नाही गं. अजून एक वर्ष थांबू या.”

“माझे डोळे काय उसने आणलेत? लाल नाही, म्हणजे मादीच. लिहा, मादीही गाते.”

ह्यांनी लिहिले. पुस्तक निघाल्यावर जाणत्यांनी त्या एका वाक्यावरून ह्यांची यथेच्छ टिंगल केली. तुमच्याकडे कोंबड्याही आरवतात का, असे एकाने भर सभेत विचारले. हे हसले. वाक्य कोणाच्या हट्टाचे, हे त्यांनी ना सभेत सांगितले, ना कधी घरी काढले.

“आजी, हे वाक्य जाणार,” नात म्हणाली आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. “हा गेल्या वर्षीचा. मीच कडं घातलं होतं. अगदी तुझ्या चित्रासारखा, हो ना? आता हा यंदाचा बघ. कड्यावरचा आकडा तोच.”

यंदाचा पक्षी डोक्यापासून पोटापर्यंत लाल होता.

“पहिल्या वर्षी नरही मादीसारखाच तपकिरी असतो,” ती म्हणाली. “गातो मात्र.”

मी दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. स्वयंपाकघरातून सून म्हणाली, “एवढी शांतता? कोण चुकलं?”

या घरात माझी चूक कोणी काढत नाही. सुनेने तर प्रयत्नही सोडला आहे. नातीने समासात टीप लिहून ठेवली होती: मूळ लेखकाच्या निरीक्षणातील चूक येथे दुरुस्त केली आहे. मी नुसती मान हलवली असती तरी भागले असते. हे जाऊन अकरा वर्षे झाली. तक्रार करायला येणार नव्हते. जिवंतपणीही आले नव्हते.

“खोड ते,” मी म्हणाले.

“काय खोडू?”

“‘मूळ लेखकाच्या’. तिथे लिही, चित्रकर्तीच्या. आणि पुढे लिही, लेखकाने त्याच वेळी शंका घेतली होती, चित्रकर्तीने ऐकले नाही.”

सून हात पुसत दारात आली. “आई, बरं वाटतंय ना तुम्हांला?”

“तू दुधाकडे बघ, उतू जाईल.”

नातीने लिहिले. मग हळूच विचारले, “आजोबा तुला कधीच बोलले नाहीत? का गं?”

“मी कधी विचारलंच नाही.”

चित्राखालचे ‘मादी’ खोडून तिने ‘पहिल्या वर्षाचा नर’ असे केले आणि पेन थांबवले. “आजी, मग मादी राहिलीच की. अख्ख्या पानावर नाही.”

“कुठे असते ती?”

“बहुतेक खाली. झुडपांत, पडलेलं बी वेचत. फारसा आवाज करत नाही.”

तीन उन्हाळे ती आमच्या पायांशीच होती तर.

“कोरा कागद दे,” मी म्हणाले. “आणि तुझ्याकडे मादीचा फोटो असेल तो मोठा कर.”

“तुझा हात थरथरतो, आजी. आपण कुणाकडून तरी काढून घेऊ.”

“माझ्या पानावर दुसऱ्याचा पक्षी बसणार नाही. तू शेजारी बस. चुकले तर तिथल्या तिथे सांगायचं, आजोबांसारखं गप्प बसायचं नाही.”

तिने खुर्ची ओढून घेतली. पेन्सिल टेकवून मिनिट झाले नसेल.

“चोच लांब झाली,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे रोखून पाहिले. पोरगी हटली नाही. मग मी चोच खोडली.