हलक्या बटणाचा माऊस

"आबा, माऊस घेताय की पोरीसाठी स्थळ बघताय?" पितांबरने विचारलं, तेव्हा देवचंदआबांनी आणखी एक माऊस करंगळीने दाबून, नापसंत करून, काउंटरच्या कडेला सारला होता.

जळगावच्या स्टेशन रोडवर पितांबरचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याच्या हिशेबात गिऱ्हाइकं दोनच तऱ्हांची, किंमत विचारणारी आणि घेणारी. आबा किंमत विचारत नव्हते आणि घेतलेला परत आणत होते. तेही अमळनेरहून, गाडीचं तिकीट काढून. तक्रार दर खेपेला एकच, बटण जड आहे.

हाच माणूस जन्मभर तेलाच्या गिरणीत स्टोअरकीपर. जुना पार्ट समोर ठेवल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. मालकाच्या मेव्हण्यालाही त्यांनी झिजलेलं बेअरिंग आणायला परत पिटाळलं होतं. माल परत घेणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग, आणि आता स्वतःच माल परत करायला उभे होते.

पितांबरने एक दणकट माऊस पुढे केला. खेळायलाच हवाय ना, पोरं दिवसभर बडवतात, काही होत नाही, म्हणाला. आबा म्हणाले, बडवणारं कोणी नाही. नुसतं बोट ठेवलं की चालला पाहिजे.

खेळणारी होती द्रौपदाबाई, त्यांची बायको. पत्त्यांत तिने सगळी गल्ली हरवली. रोज हरायला कोण येणार? भिडू मिळेनात, तेव्हा नाशिकला असलेल्या मुलाने, रुपचंदने, ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर आईला आणून दिला. त्यातल्या पत्त्यांनाही तिने वर्षभरात नमवलं. बाण पत्त्यावर न्यायचा, बटण दाबायचं. ठेवायच्या जागी नेऊन पुन्हा दाबायचं. मग एकाएकी दाबूनही पत्ता उठेना.

तशी भाकरीही थापताना फाटू लागली होती. ज्वारी जुनी, आबा म्हणाले. हातातून कप सुटला. कप निसरडा. आबांच्या स्टोअरमध्ये प्रत्येक गोष्टीचं कारण शिलकीत होतं.

नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं. नसांचा आजार आहे, ताकद बोटांतून जाणार, मग वर चढत जाणार, औषध नाही. बाहेर बाकावर बसलेल्या द्रौपदाबाईने, काय म्हणाले, विचारलं. शक्तीच्या गोळ्या दिल्यात, असं आबांनी सांगितलं. आणि तो माऊस झिजलाय, बदलून टाकू.

आता दुकानात करंगळीलाही हलका वाटेल असा एकही सापडत नव्हता. तेवढ्यात त्यांचं लक्ष पितांबरच्या टेबलाकडे गेलं. त्याच्या यंत्राला दोन माऊस जोडलेले, एक जुना रुंद पिनेचा, एक नवा गोल पिनेचा. कुठलाही हलवा, बाण एकच. घरच्या यंत्रालाही मागे दोन्ही भोकं होती, आणि घरचा जुना माऊस रुंद पिनेचाच होता. आबांनी विचारलं, एकाने बाण न्यायचा आणि दुसऱ्याने दाबायचं, असं चालेल का. चालेल की, पण असं करील कोण, पितांबर हसला. तुमचा जुना द्या, किमतीत काहीतरी कमी करतो.

जन्मात पहिल्यांदा आबांनी जुना पार्ट जमा केला नाही.

दुपारी नवा माऊस द्रौपदाबाईच्या हाताखाली ठेवला. जुन्याच्या पोटातली फिरणारी रबरी गोळी काढली, म्हणजे बाण हलायला नको, आणि तो मांडीवर पंच्याखाली घेऊन आबा पेपर वाचायच्या मिषाने तिच्या शेजारी बसले. कोपरापासून तिचा हात अजून सरकत होता. बाण इस्पिक सत्तीवर थांबला. पंच्याखाली टक्‌ झालं. सत्ती उठली.

"हाऊ चांगला शे," ती म्हणाली. "नुसतं बोट ठेवं का चालस."

"मी सांगं व्हतं ना. माऊसच खराब व्हता."

ती पुन्हा जिंकू लागली. शेजारणींना बोलावून माऊस दाखवला, आबांना वस्तू पारखता येते असंही म्हणाली. असं कौतुक लग्नानंतर त्यांच्या वाट्याला फारसं आलेलं नव्हतं. कधी त्यांची नजर मागे राहायची, बाण पुढे जायचा आणि भलताच पत्ता उठायचा. "यानं डोकं फिरी गयं," म्हणून ती हसायची.

एके दुपारी तिने बाण बदामाच्या राणीवर नेला आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीत ठेवला. माऊसवर कोणाचंच बोट नव्हतं. आबा चष्म्यातून पडद्याकडे टक लावून होते.

राणी उठली.

द्रौपदाबाईने मांडीतल्या हाताकडे पाहिलं. मग पंच्याकडे. आबांनी विचारलं, "काय व्हयनं, रुपचंदनी माय?"

"काही नही. तुमना डोया एकदाव डाक्टरले दखाडी या."

उजवा हात तिने पुन्हा उचलून माऊसवर ठेवला आणि डाव पुढे सुरू केला.

त्या दिवसापासून तिची घाई गेली. बाण पत्त्यावर नेऊन ती थांबायची. आबांना वाटलं, वय झालं, आता विचार करायला वेळ लागतो. बोट बटणाच्या शेजारी नुसतं पडलेलं असायचं. पंच्याखाली टक्‌ झालं की ती बाण पुढच्या पत्त्याकडे न्यायची. आबांना दिसेल इतका हळू.