तीन गाठींची सुतळी

टेपवर माझा विश्वास नाही. आकडे वाचताना माणसं हमखास चुकतात, म्हणून गेली तीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगत आलोय, की सुतळी लावा, माप संपेल तिथं गाठ मारा आणि ती माझ्याकडे द्या. ताईला हे सांगावं लागत नव्हतं. वडिलांच्या हाताखाली मी सुतारकाम शिकत होतो तेव्हा सुतळीचं दुसरं टोक तिच्याच हातात असायचं.

दोन वर्षांपूर्वी भावोजी कुणाला काही न सांगता घर सोडून गेले, तेही चपला दारातच ठेवून, आणि आठवडाभरात ताईकडे हा कुत्रा आला. चणीनं लहान, तोंडावरचे केस पिकलेले. आम्ही त्याला साहेब म्हणायचो. डावा मागचा पाय तो भावोजींसारखाच ओढत चालायचा. "या घरचं पाणीच तसं दिसतंय," मी एकदा चेष्टेनं म्हणालो, पण ताई हसली नाही.

पासष्टीची एकटी बाई, माझ्याकडे येऊन राहा म्हणून मी हात जोडून थकलो होतो. तिच्या काळजीनं माझी झोप उडाली होती आणि तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "आधी साहेबाची सोय होऊ दे."

मग मी सोय करत सुटलो. पायऱ्यांवर फळ्यांचा उतार केला, गुळगुळीत फरशीवर खरबरीत चटया ठोकल्या, मागच्या दाराला खालच्या बाजूनं झडप बसवली. पुढच्या दाराची कडी मात्र ताईनं पार चौकटीच्या माथ्याशी लावायला सांगितली, का तर साहेब उडी मारून उघडतो. दोन पायऱ्या चढताना धापा टाकणारा प्राणी उडी काय मारणार? पण बहिणीशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय, म्हणून मी मुकाट्यानं कडी वर चढवली.

शेवटचं काम उरलं होतं ते खिडकीखालच्या गादीचं आणि भिंतीतल्या कडीला अडकवायच्या पट्ट्याचं. त्याची सुतळी ताईनं दिली, तीन गाठींची. पहिली मानेची, दुसरी उंचीची, तिसरी पाठीची. गादीची चौकट जुळवली तेव्हा ती अर्धी भिंत खाऊन बसली.

"ताई, हा कुत्रा आहे की घोडा?"

"असू दे. वाढत्या अंगाचं घेतलंय."

"म्हातारा कुत्रा वाढतो कुठे?"

"तो आता फार दिवसांचा नाही रे," ताई शांतपणे म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

भर दुपारचं ऊन गादीवर आलं होतं आणि साहेब तिच्या मधोमध पडून माझ्याकडे टक लावून पाहत होता. खात्री करावी म्हणून मी सुतळी त्याच्या मानेभोवती धरली, तर गाठ यायच्या आत दोन वेढे झाले. ताईचा हात मापाला कधीच चुकत नसे. तेवढ्यात मला मागचा रविवार आठवला. जेवून मी याच खोलीत आडवा झालो होतो, आणि जाग आली तेव्हा ताई उशाशी बसून हातातली सुतळी गुंडाळत होती.

मला हसू यायला हवं होतं. मी सुतळी माझ्याच मानेभोवती घेतली आणि गाठ अगदी नेमकी टोकावर आली. मग कुणास ठाऊक का, मी गादीच्या चौकटीत हात आणि गुडघे टेकले. दुसरी गाठ जमिनीपासून बरोबर माझ्या खांद्याशी पोचली. मला भीती वाटली, आणि तरीही हाताखालची ती गादी इतकी ऊबदार, इतकी माझ्या मापाची होती, की लगेच उठवेना.

"बसलं का रे?" आतून ताईनं विचारलं. किती मायेनं विचारलं तिनं.

मी मान वर करून पुढच्या दाराकडे पाहिलं. खालून ती कडी फार उंच दिसत होती.

साहेब हळूच उठला, आणि डावा पाय ओढत गादीच्या कडेला सरकून त्यानं माझ्यासाठी जागा केली.