ज्याचा गुडघा आता नाही

मित्रांनो, मी एक जुना एक्स-रे आहे. अमरावतीच्या देवमन हवालदारांच्या उजव्या गुडघ्याचा. निदान होतो तरी. आता मी नेमका कशाचा आहे, हे मला नीट सांगता येत नाही.

माझा जन्म अंधाऱ्या खोलीत झाला. ओला असतानाच मला चिमट्याला टांगून पंख्याखाली वाळवलं. मग डॉक्टरांनी मला उजेडासमोर धरलं. "हाडावर हाड घासून राहिलं, हवालदार. चालता कसे तुमी?" नोकरीत असताना बर्फात घसरून तो गुडघा निकामी झाला होता आणि म्हणूनच फौजेनं त्यांना अपंगत्वाची पेन्शन दिली होती. त्या दिवसांत घरी जो येई तो मला पाही. मला थोडा तोराही चढला असावा.

पुढं अकोल्यात ऑपरेशन झालं. माझ्यातला गुडघा काढून धातूचा बसवला. त्याचा नवा, लखलखीत एक्स-रे आला आणि मी पेटीत कपड्यांखाली गेलो. ज्याचं चित्र, तोच उरला नाही. मग मी खोटा झालो का?

एकदा संध्याबाई, म्हणजे हवालदारांच्या पत्नी, चिडून बोलत होत्या, तेव्हा मला पेटीतच सगळं कळलं. फौजेच्या मेडिकल बोर्डानं फेरतपासणीला बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, "कैसे हो?" हवालदार ताठ उभे राहून म्हणाले, "ठीक, साहब." पत्र आलं: गुडघा सुधारला, पेन्शन बंद.

"घरी उठताना खाट धरता, आन् तिथं काहून ठीक म्हनलं?"

"साहेबानं विचारलं तं काय रडू त्याच्यापुढं?"

"रडू नका. सांगा. त्याले काय सपन पडते?"

त्यांनी अपील केलं. संध्याबाईंनी मला काढून पदरानं पुसलं.

अपिलाच्या बोर्डावर एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आम्हा दोघा एक्स-रेंना उजेडात शेजारी शेजारी लावलं. एकात गुडघा झिजलेला, एकात झकास. दोन्ही खरे. मी गोंधळलो; बाईही गोंधळल्या असाव्यात.

"कसे आहात, हवालदार?"

हवालदार पुन्हा ताठ उभे राहिले. "मॅडम, फौजेत चोवीस वर्षं एकच उत्तर देलं. दुसरं तोंडातच येत नाही."

"मग उत्तर नका देऊ. जमिनीवर बसून दाखवा."

"बसता येत नाही. विहारात बी खुर्ची लागते. वंदनेले समदे खाली बसतात, मी एकटा मागं. लाज वाटते."

"अजून?" बाईंनी विचारलं आणि वाट पाहिली.

हवालदार हळूहळू सांगू लागले. मागच्या बोर्डाच्या कागदावर तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द होता: ठीक. या वेळी रकाना भरला, तेव्हा बाईंनी कागद उलटला आणि मागच्या बाजूला लिहीत राहिल्या.

निकाल अजून यायचा आहे. काय लागेल, मला ठाऊक नाही. मित्रांनो, माझ्यातून हाडं दिसतात, एवढंच. दुखणं माझ्यात कधी उमटलंच नाही. म्हणून कुणी 'ठीक आहे' म्हटलं, तर त्याला आणखी एकदा विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.