एकविसाव्या पानावरची टिकली

तारामतीबाईंना कधी कुणाच्या दागिन्यांचा हेवा वाटला नाही, कुणाच्या सुनेचा वाटला नाही, जुबिली हिल्समधल्या जावेच्या बंगल्याचासुद्धा नाही. आणि वाटला कुणाचा, तर जिला मराठी धड वाचता येत नाही अशा एका पोरीचा. आता बोला.

हैदराबादेत हिमायतनगरातल्या मराठी मंडळाचं वाचनालय म्हणजे तारामतीबाईंचं राज्य. माहेर उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. नवऱ्याचं, म्हणजे नामदेवरावांचं, बेगम बाजारात मिरची-मसाल्याचं ठोक दुकान. लग्न होऊन त्या हैदराबादला आल्या तेव्हा सासरी पंचांग सोडलं तर छापील कागद म्हणून नव्हता. एकदा शेजारणीबरोबर वाचनालयात गेल्या आणि मग तिथल्याच झाल्या. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, भुताच्या गोष्टी, लोणच्याची पुस्तकं, विहीर कशी खणावी याचं पुस्तक, हाताला लागेल ते वाचलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळात चार-पाच जण आपण काय वाचलं ते सांगत. लोक टिकून राहत ते तारामतीबाईंसाठी. आणि मराठी भाषा दिनाला भरल्या हॉलमध्ये वर्षभराच्या वाचनावर बोलायचा मान तर त्यांचाच. त्या दिवशी नामदेवराव दुकान अर्धा दिवस बंद ठेवून पहिल्या रांगेत बसत. त्या घरात बाईमाणसाच्या कशाचंही कौतुक व्हायची पद्धत नव्हती, याचं मात्र व्हायचं.

त्यात ही सायली आली. आईवडील पुण्याचे, पण पोरगी वाढली इथंच. शाळेत तेलुगू, नोकरी हायटेक सिटीत. मराठी अक्षरं मोठेपणी हौसेनं शिकलेली, त्यामुळे ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचायची. तिच्या पहिल्याच बैठकीत ती बोलायला उभी राहिली तेव्हा तारामतीबाईंनी शेजारच्या रेणूताईंकडे बघून मायेनं मान हलवली. लेकरू आहे, बोलू द्या.

लेकरू एका खूनकथेवर बोललं. म्हणालं, खुनी कोण ते मला चाळिसाव्या पानावरच कळलं, त्यात काय विशेष नव्हतं. पण ज्याचा खून होतो त्याची आई पुस्तकभर रोज त्याचं ताट वाढते आणि रोज झाकून ठेवते, लेखकाचंसुद्धा तिच्याकडे लक्ष नाही, मला भीती वाटली ती त्या ताटाची. हॉलभर टाळ्या पडल्या. तारामतीबाईंनी ते पुस्तक कधीच वाचलेलं होतं, त्यावर बोलल्याही होत्या. पोलिसाच्या हुशारीवर बोलल्या होत्या. ताट त्यांना आठवेना.

पुढच्या महिन्यात तेच. एका नर्सच्या आत्मचरित्राबद्दल सायली म्हणाली की बाईंनी सगळ्या जगाला क्षमा केली, फक्त धाकट्या बहिणीला केली नाही, म्हणून पुस्तक खरं वाटतं. भुताच्या गोष्टींबद्दल म्हणाली की यातली भुतं बिचारी सगळी भाड्याच्या घरांत राहतात, स्वतःच्या घरात भूत निघालेला एक माणूस नाही. लोक हसून लोटपोट. चहाच्या वेळी उस्मानिया बिस्किटांची बशी आधी सायलीकडे गेली, आणि तारामतीबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्म मिरच्यांच्या पोत्यांत गेला, पण असं कधी झोंबलं नव्हतं.

बरं, पोरगी उद्धट असती तरी बरं झालं असतं. रागाला कारण मिळालं असतं. तर ती गोड. एका बुधवारी कपाटाशी भेटली आणि आपण होऊन गुपित सांगायला लागली. एवढ्या पुस्तकांतून चांगलं कसं निवडायचं ते तिला कळत नसे. मग तिच्या ध्यानात आलं की काही पुस्तकांच्या एकविसाव्या पानावर कोपऱ्यात बारीकशी लाल टिकली चिकटवलेली असते. वाचनालयातल्या कुणीतरी वाचून पसंत केलेल्या पुस्तकांची ती खूण असणार, असं तिनं धरलं. टिकलीचं पुस्तक आजवर एकही वाईट निघालेलं नव्हतं. ती आता टिकली बघूनच पुस्तक घरी नेत होती.

तारामतीबाई ऐकतच राहिल्या. जुने वाचनालयवाले हे वाचतील तर हसतील. एकदा वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून प्रत्येक जुना वाचक अशी खूण करतो. कुणी पेन्सिलीची फुली मारतो, कुणी आद्याक्षर घालतो. टिकली तारामतीबाईंची होती. पुस्तक पुरं झालं की कपाळावरची नाही, पाकिटातली नवी काढून एकविसाव्या पानावर लावायची. न आवडलेलं पुस्तक त्या अर्धवट सोडत, त्याला टिकली नसे. म्हणजे ही पोरगी इतके महिने त्यांच्याच पावलावर पाऊल टाकत होती. दुसरी कुणी असती तर तिला भरून आलं असतं. तारामतीबाईंचा तिळपापड झाला. माझ्याच घरचं पीठ, आणि भाकरी हिची फुगते.

तशात मंडळाचे सेक्रेटरी किशोरभाऊ घरी आले. भाषा दिनाला या वर्षी तुम्ही दोघी बोला, म्हणाले. पुढच्या वर्षापासून सायलीवरच सोपवू, तुमच्याही गुडघ्यांना त्या पायऱ्यांचा त्रास नको. तारामतीबाईंनी हसून चहा दिला. ते गेल्यावर नामदेवराव एवढंच म्हणाले की पहिल्या रांगेत बसायची सवय झाली होती. ते वाक्य त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी टिकल्यांचं अख्खं पाकीट घेऊन त्या वाचनालयात गेल्या. अगदी खालच्या फळीवर भेट आलेली पुस्तकं धूळ खात पडलेली असतात. त्यातली तीन त्यांनी निवडून काढली. एका साखर कारखान्याच्या चेअरमनचा गौरवग्रंथ, एका निवृत्त इंजिनियरांचं युरोपचं प्रवासवर्णन आणि पानापानाला तलवारी उपसणारी एक ऐतिहासिक कादंबरी. एकही त्यांनी वाचलेलं नव्हतं, वाचण्यासारखं दिसतही नव्हतं. तिन्हींच्या एकविसाव्या पानावर टिकल्या लावून त्यांनी ती मधल्या फळीवर, डोळ्यांसमोर ठेवली. बोल म्हणावं आता यांच्यावर. लाज वाटली, खोटं कशाला सांगा. पण ठेवली.

पुढच्या बुधवारी तिन्ही पुस्तकं फळीवरून गेलेली होती.

भाषा दिनाला हॉल भरला. तारामतीबाई आधी बोलल्या. चांगल्या बोलल्या, नेहमीसारख्या, कुठलं पुस्तक कशाबद्दल आणि कुणी वाचावं. लोकांनी नेहमीसारख्या टाळ्या दिल्या. मग सायली उठली. हातात गौरवग्रंथ, विटेएवढा जाड. तारामतीबाईंनी पदर सावरला आणि वाट बघितली.

सायली म्हणाली की हे पुस्तक तिनं दोनदा फेकून दिलं. पण त्यावर टिकली होती, तेव्हा कुणीतरी हे पुरं वाचलंय, त्या माणसाला यात काहीतरी दिसलं असणार, मग मलाच का दिसू नये, अशा जिद्दीनं ती बसली. आणि तिला दिसलं. चेअरमनसाहेबांवर चाळीसएक लोकांनी लिहिलं होतं. मंत्री, प्राध्यापक, मित्र. जवळजवळ प्रत्येकजण त्यांच्या घरी वहिनींच्या हातचा चहा प्यायला होता. वहिनींचं नाव मात्र कुणीच लिहिलेलं नव्हतं. मग ती तो ग्रंथ खूनकथेसारखा वाचायला लागली, नावाच्या मागावर. फोटोखाली बघितलं तर तिथं सौभाग्यवती. अर्पणपत्रिकेत सहधर्मचारिणी. शेवटी सहावीतल्या नातीचा अर्ध्या पानाचा लेख होता, त्यात तिसरी ओळ अशी: माझ्या आजीचं नाव गंगूबाई, तिला चहा आवडत नाही.

मागच्या रांगेत एक बाई डोळे पुसायला लागली. प्रवासवर्णनाबद्दल सायली म्हणाली की त्या इंजिनियरांना प्रत्येक गाव बघून सोलापूर आठवतं, दोनशे पानं माणूस घराच्या आठवणीनं झुरतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. कादंबरीतलं तिला काहीच आवडलं नव्हतं, तेही तिनं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली की टिकली कोण लावतं ते मला माहीत नाही, पण मला वाचायला त्यांनी शिकवलं.

हॉल हसला. अख्ख्या मंडळात ते एकट्या सायलीलाच माहीत नव्हतं. किशोरभाऊंनी माइक तारामतीबाईंच्या हातात दिला आणि गौरवग्रंथाबद्दल दोन शब्द तुम्हीही सांगा म्हणाले.

तारामतीबाई उभ्या राहिल्या. समोर नामदेवराव बसलेले होते. तोंडाला येईल ते चार शब्द बोलता आले असते, लोक बोलतातच. पण न वाचलेल्या पुस्तकावर त्या आजवर एक अक्षर बोललेल्या नव्हत्या.

“हे मी वाचलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

लोक आणखी हसले. काकूंनी न वाचलेलं पुस्तक वाचनालयात आहे म्हणे. कुणी विश्वास ठेवला नाही. पुढच्या वर्षी सायली बोलेल असं किशोरभाऊंनी जाहीर केलं, त्याला टाळ्या पडल्या, आणि कार्यक्रम संपला. एकटी सायलीच काय ती हसली नव्हती.

ती जिन्याशी येऊन थांबली. तारामतीबाई कठडा धरून हळूहळू उतरत होत्या.

“काकू, खरंच वाचलं नव्हतं? मग टिकली कैकू लावली?”

“तुला वाईट पुस्तक मिळावं म्हणून. जळायले होते मी तुझ्यावर.”

बोलून झाल्यावर त्यांना हलकंबिलकं काही वाटलं नाही. पोरगी रडेल, निदान चिडेल, याची तयारी करून त्या उभ्या राहिल्या. सायलीचा चेहरा मात्र उजळत गेला. म्हणजे माझ्याआधी हे कुणीच वाचलेलं नाही, असं तिनं दोनदा विचारून घेतलं. मग भडभडा बोलली. चांगलं म्हणून कुठलंही पुस्तक उघडा, एकविसाव्या पानावर ती लाल टिकली आधीच बसलेली. कितीही पळा, ते माणूस पुढंच. तिला राग यायचा, रडू यायचं. आपण जन्मभर कुणाचं तरी उष्टंच खाणार असं वाटायचं.

“हे माझं पहिलं,” ती म्हणाली. “आधी माझं.”

तिनं तिथंच पायरीवर ग्रंथ उघडला, नखानं एकविसाव्या पानावरची टिकली अलगद सोडवली आणि तारामतीबाईंच्या बोटावर चिकटवली.

“वाचलंत की लावा, काकू.”

तारामतीबाईंनी पुस्तकासाठी हात पुढे केला. सायलीनं ते छातीशी घट्ट धरलं. परवाच पुन्हा नावावर करून घेतलंय, म्हणाली, अजून एकदा वाचायचंय. आणि मेट्रो गाठायला दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेली.

खाली नामदेवराव स्कूटरपाशी वाट बघत होते. तारामतीबाई मात्र उतरता उतरता वळल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा वर चढल्या आणि किशोरभाऊंना म्हणाल्या की तो गौरवग्रंथ परत आला की दुसऱ्या कुणाला देऊ नका, माझा नंबर लावून ठेवा. त्यासाठी नंबर कशाला लागतो, म्हणून किशोरभाऊ हसायला लागले, पण त्यांनी नाव लिहून घेतलं. टिकली अजून बोटावरच होती.