भिंतीजवळचा चालता ठिपका

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. कारण लबाडी दुसऱ्याने केली असली तरी तिची सुरुवात माझ्यापासून झाली. तेवढं आधीच सांगून टाकतो.

काचेच्या उंच इमारतीमागे मोकळं पटांगण आहे. तिथे रोज दुपारी चारला शंभरेक माणसं जमायची. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण तिथे ठिपकेबाबा झाला होता. आजारी माणसाला तो काचेच्या भिंतीला खेटून उभं करायचा, पायाशी आपला जुनाट फोन ठेवायचा आणि नकाशा उघडायचा. माणूस जागच्या जागी, आणि पडद्यावरचा निळा ठिपका मात्र चालायला लागायचा. पार रस्त्यापलीकडे.

"पाय तर इथेच आहेत, मग चाललंय कोण?" बाबा विचारायचा. "जीव चाललाय, बाळांनो. औषधांनी सैल झालाय. मी त्याला बांधून आणतो."

मग तो त्या माणसाला हात धरून पटांगणाच्या मधोमध सतरंजीवर न्यायचा. डोक्यावर फुंकर, डोळे मिटून पुटपुट. ठिपका गप्प. लोक हात जोडायचे. पुढचे अकरा दिवस रोज यायचं आणि गोळी एकही घ्यायची नाही, कारण म्हणे गोळीने गाठ सुटते.

हा ठिपका बाबाला मीच दाखवला होता. मी जमीन मोजणाऱ्यांकडे कामाला आहे. मोजणीचं यंत्र कुणी शिकवलं नाही, पुस्तिका वाचून आणि चुका करून शिकलो. वर्षापूर्वी त्याच्या टपरीवर कव्हर घेताना शायनिंग मारली, म्हटलं त्या भिंतीशी फोन ठेवा, मजा बघा. मजा दाखवली, कारण सांगितलं नाही. भाव खायचा होता, दुसरं काय.

मग एक दिवस पाना आला. पाना म्हणजे माझा मित्र, गाड्या दुरुस्त करतो. त्याच्या धाकट्या बहिणीला फिट येतात. गोळ्यांमुळे दोन वर्षांत एकही आली नव्हती. आता तीन दिवस गोळ्या बंद होत्या, आणि बंद करणारी त्यांची आईच. तिला मी काकू म्हणतो.

"आई माझं ऐकत नाही," पाना म्हणाला. "तिने ठिपका डोळ्यांनी बघितलाय. तुझ्याकडे डोळ्यांनी दाखवण्यासारखं काही आहे का?"

होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून ऑफिसचा रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांवरून नेमकी जागा सांगणारं यंत्र, सोबत घेतला आणि चारला पटांगणात पोचलो. धाकटी भिंतीशी उभी होती, काकू शेजारी. मी तिथेच यंत्राची तिपाई लावली.

"मोजणीवाले आले," बाबा म्हणाला. "जीव किती फूट लांब, किती फूट रुंद, तेवढं सांगून जा हो." लोक खो खो हसले.

फोनही जागा उपग्रहांवरूनच ठरवतो, म्हणून आधी मी यंत्रात एकाच देशाचे उपग्रह चालू ठेवले, बाबाच्या जुन्या फोनसारखे. पाच दिसले. माझाही ठिपका भरकटला, लोकांनी टाळ्या पिटल्या. मग उपग्रहांचे चारही संच चालू केले. वेगवेगळ्या देशांचे मिळून तेवीस उपग्रह. शिवाय आमच्या ऑफिसच्या गच्चीवर, पक्क्या मोजलेल्या जागी, दुसरा रिसीव्हर असतो. किती चूक होतेय ते तो कळवत राहतो. पण अचूक जागा पटकन लागत नाही, यंत्र जुळवाजुळव करत बसतं. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"दादा," धाकटी पानाला म्हणाली, "जळका वास येतोय."

पानाने ओळखलं. फिट यायच्या आधी तिला तो वास यायचा. ती कोसळायच्या आत त्याने तिला खाली घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला शर्ट सरकवला. हातपाय झटके द्यायला लागले.

"निघाला जीव," म्हणत बाबाने फोन काकूंच्या तोंडासमोर धरला. "कुणी चोरून गोळी दिली का हिला?"

काकू त्या फोनकडेच बघत राहिल्या. तेवढ्यात माझं यंत्र वाजलं. जागा पक्की.

"काकू, इकडे बघा." मी ओरडलो. "तुमची पोर इथेच आहे. हा ठिपका दोन बोटंसुद्धा हलत नाहीये."

त्यांनी यंत्र पाहिलं. फोन पाहिला. परत यंत्र. मग मटकन खाली बसल्या आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"दवाखान्यात चला," एवढंच म्हणाल्या.

पाना दोघींना गाडीत घालून घेऊन गेला. लोक माझ्याकडे बघत होते. दम्याचा पंप बंद केलेले एक आजोबा पुढे आले, बाबाचा फोन मागून घेतला आणि भिंतीपाशी पडलेल्या विटेवर ठेवला. ठिपका निघाला रस्त्याकडे.

"विटेला कुठली औषधं चालू होती रे?" आजोबांनी धापा टाकत विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मग मी सांगितलं. उपग्रहाचा संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. भिंतीने अर्धं आभाळ झाकलंय, आणि जे संदेश येतात त्यातले काही काचेवर आपटून, लांबच्या वाटेने येतात. फोन फसतो. सतरंजीवर आभाळ मोकळं, म्हणून ठिपका गप्प. बाबा जीव बांधत नाही, तुम्हाला तीस पावलं चालवतो. माझ्याकडे उपग्रह भरपूर, म्हणून फसवे संदेश वगळूनही भागतं. माझंही खरं मानू नका म्हटलं, घरचा फोन आणा, भिंतीशी ठेवा, मोकळ्यावर ठेवा, स्वतः बघा. आणि गोळ्यांचं ठिपक्याला नाही, डॉक्टरांना विचारा.

मागे वळून बघतो तर बाबा सतरंजी टाकून पसार.

संध्याकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा धाकटी झोपली होती. गोळ्या परत सुरू झाल्या होत्या, काकू उशाशी होत्या. बाहेरच्या बाकावर मी पानाला टपरीवरची गोष्ट सांगितली. तो हाताचं ऑइल खरवडत होता.

"हे तिथे लोकांना सांगितलंस?"

"नाही. जीभच उचलली नाही."

"आज न आलेली दहा-बारा घरं मला माहीत आहेत. त्यांच्या गोळ्या अजून बंदच असतील."

"सकाळी सातला तुझ्या गॅरेजवर येतो," मी म्हणालो. "एकेका घरात जाऊ. आधी मी बोलेन, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करेन. पूर्ण सांगून झाल्याशिवाय एकाही घरातून उठणार नाही. शब्द देतो तुला."