रिकाम्या कंसातला

क्रेगला जाऊन पाच महिने झाले, तरी झिंज भागातल्या फ्लॅटमधली त्याची खोली व्हॅलेरीने उघडली नव्हती. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी ते दार उघडून ती भावाच्या लॅपटॉपपुढे बसली. तो तिला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होता. धडे निम्म्यावर असतानाच एका सकाळी तो झोपेतून उठला नाही.

तिने न पाहिलेली एक फाइल निघाली. 'माणूस' नावाचा क्लास, म्हणजे साचा, त्यात नाव साठवायची सोय आणि 'हाक' नावाची मेथड, म्हणजे त्याने करायचं काम. वर शेरा होता, 'व्हॅल, हे तू पुरं कर.' शेवटची ओळ होती, क्रेग.हाक(). तिने फाइल चालवली.

लाल अक्षरांत उत्तर आलं: हाक काहीच घेत नाही, पण तिला एक दिलं गेलं आहे.

कंस तर रिकामे होते. तिने पुन्हा चालवली. तेच. एक दिलं गेलं आहे. कोणी दिलं? मागच्या पलंगावर चादर तशीच चुरगळून पडली होती. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. मान वळवायचा धीर होईना. तिने खालच्या मजल्यावरच्या तेजस्वीला फोन लावला. ती क्रेगच्याच ऑफिसात कामाला होती.

तेजस्वी आली, स्क्रीनकडे बघत राहिली.

"टिंबाच्या आधी कोण आहे?" तिने हळू विचारलं.

"क्रेग."

"मग तोच आत जातो. ज्याची मेथड बोलावतेस, साच्यातून बनलेल्या त्या ऑब्जेक्टला पायथन गुपचूप सोबत धाडतं. त्याला घ्यायला कंसात जागा लागते. त्या जागेला म्हणायचं सेल्फ. मुद्दाम रिकामी सोडलीय त्याने, तुझ्यासाठी."

व्हॅलेरीने वर मेथडच्या कंसात सेल्फ लिहिलं. फाइल चालली.

'मी क्रेग. जेवलीस का गं?'



"दुसरं ऑब्जेक्ट करून बघ," तेजस्वी म्हणाली. व्हॅलेरीने स्वतःचं नाव दिलं. 'मी व्हॅलेरी. जेवलीस का गं?' मेथड एकच. हाक मात्र ज्याची त्याची. आता तिला कळलं. पण कळल्याने अंगावरचा काटा गेला नाही.

तेजस्वी गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि पुन्हा क्रेगचं नाव लिहिलं. तोच प्रश्न उमटला.

"नाही रे अजून," ती रिकाम्या खोलीला म्हणाली, आणि भात गरम करायला उठली.